कोतोहिराचे जुने नाट्यगृह

जपानी नाट्यकलेचा इतिहास ज्यांनी ग्रंथांतून वाचला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर काबुकी म्हटले की क्योतो, ओसाका आणि एदो ही तीन महानगरेच उभी राहतात, आणि ते स्वाभाविकही आहे; कारण ही कला जन्मली क्योतोत, तिच्या यंत्रकौशल्याला बहर आला ओसाकात, आणि तिचा दिमाख वाढला एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत. परंतु या तिन्ही नगरांत जाऊन त्या काळातले एखादे नाट्यगृह पाहू इच्छिणाऱ्याला निराश होऊनच परतावे लागेल. आगी, भूकंप, महायुद्धातले हवाई हल्ले, आणि या सर्वांच्या तोडीस तोड विध्वंसक ठरलेली सुधारणेची हौस, यांनी तेथले जुने लाकूड शिल्लक ठेवलेले नाही. आज उभे असलेले सर्वांत जुने संपूर्ण काबुकी नाट्यगृह पाहायचे, तर शिकोकू बेटावर, कागावा प्रांतातल्या कोतोहिरा या यात्रेच्या गावी जावे लागते. १८३५ साली, म्हणजे जपानी कालगणनेप्रमाणे तेनपो शकाच्या सहाव्या वर्षी, बांधलेली ती वास्तू 'कानामारु-झा' या नावाने प्रसिद्ध आहे. आणि राजधानीतली वैभवशाली नाट्यगृहे नष्ट झाली असता आडबाजूच्या या गावातले एक नाट्यगृह कसे तगून राहिले, हा प्रश्न त्या वास्तूच्या सौंदर्याइतकाच मला चित्तवेधक वाटतो.

कोतोहिराचे सारे माहात्म्य तेथल्या दैवतात आहे. कोम्पिरा हे दैवत मूळचे आपल्याकडचे. गंगेच्या जलातला कुंभीर बौद्ध धर्माबरोबर पूर्वेकडे गेला, वाटेत धर्मरक्षक यक्ष झाला, आणि जपानी बेटांवर पोचल्यावर समुद्रावर फिरणाऱ्यांचा त्राता म्हणून पूजिला जाऊ लागला. गजमस्तकासारखा आकार असल्यामुळे 'झोझु' म्हणविल्या जाणाऱ्या डोंगरावर त्याचे स्थान आहे, आणि मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या चढाव्या लागतात. जे खलाशी स्वतः जाऊ शकत नसत, ते नवसाचे द्रव्य पिंपात घालून, त्यावर निशाण रोवून, ते पिंप समुद्रात सोडून देत, आणि ज्याला ते सापडेल त्याने ते देवापर्यंत पोचते करावे, असा रिवाज होता. एदो काळात सामान्य रयतेला आपला मुलूख सोडून हिंडण्याची मोकळीक नव्हती. मात्र तीर्थयात्रेच्या परवान्याला अंमलदार सहसा नकार देत नसत, आणि त्यामुळे भक्ती व प्रवासाची हौस या दोन्ही गोष्टी एकाच परवान्यावर भागविता येत. ओसाकाहून नावेत बसावे, मारुगामे अथवा तादोत्सु बंदरात उतरावे, आणि तेथून पायी कोम्पिराला जावे, हा शिरस्ता इतका रूढ झाला, की विनोदी लेखक जिप्पेन्शा इक्कू याने आपल्या प्रवासकथेच्या पुढील भागात आपल्या दोघा उनाड नायकांना याच यात्रेला धाडले.

या देवस्थानाला शोगुनाच्या, म्हणजे तत्कालीन लष्करी राज्यकर्त्याच्या, तांबड्या मोहरेची सनद होती. ३३० कोकु तांदूळ उत्पन्नाचा तो इनामी मुलूख. त्याचा कारभार डोंगरावरच्या मठाधिपतीच्या हाती, आणि वर ताकामात्सुच्या संस्थानिकाची देखरेख. आपल्याकडे जत्रा भरली की तिच्या कडेला तमाशाचा फड उभा राहावा, तसे तेथेही वर्षातून तीनदा, तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या महिन्यांतल्या उत्सवांच्या वेळी, नाटकाचे तात्पुरते मांडव उभारले जात आणि उत्सव संपला की मोडले जात. यात लाकडाची व मजुरीची नासाडी तर होतीच, पण ओसाकाहून येणाऱ्या नामांकित नटांना अशा मांडवात आपली कला दाखविता येत नसे. शेवटी संस्थानाच्या देवस्थान-कचेरीची परवानगी मिळवून, ओसाकाच्या 'ओनिशी' नाट्यगृहाच्या धर्तीवर, कायमची वास्तू बांधण्यात आली. अर्जात नुसते नाटकाचेच प्रयोजन नव्हते. देवस्थानाच्या उत्पन्नासाठी तेथे सोडत चालत असे, आणि त्या सोडतीच्या चिठ्ठ्या जाहीरपणे काढण्यासाठीही एका प्रशस्त जागेची आवश्यकता होती. तेव्हा एकाच छपराखाली दोन्ही कामे व्हावीत असे ठरले. तेनपो शकातली ती वर्षे जपानच्या इतिहासात भीषण दुष्काळाची म्हणून कुप्रसिद्ध आहेत. अशा काळात नाट्यगृह बांधणे अविचाराचे वाटेल. पण ज्या गावाचे पोट यात्रेकरूंच्या वर्दळीवर आहे, त्याने दुष्काळात यात्रेकरूंना आकर्षिण्याचे आणखी एक साधन उभे करावे, यात व्यवहारदृष्टी मुळीच नव्हती असे म्हणवत नाही.

परवानगीचा हा प्रश्न इतका महत्त्वाचा का होता, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. कारण काबुकीचा इतिहास म्हणजे बव्हंशी मनाई-हुकुमांचा इतिहास आहे. १६०३ साली इझुमोच्या देवळातली सेविका म्हणविणाऱ्या ओकुनी नावाच्या स्त्रीने क्योतोत पुरुषवेष करून जे नृत्य सुरू केले, त्यातून ही कला उगवली. तिचे अनुकरण वेश्यागृहांच्या मालकांनी केले, प्रेक्षकांत मारामाऱ्या होऊ लागल्या, आणि १६२९ मध्ये स्त्रियांना रंगभूमीवर येण्याची बंदी झाली. त्यांची जागा सुकुमार तरुणांनी घेतली; त्यांच्यावरूनही तोच अनाचार माजला, तेव्हा १६५२ मध्ये तेही बंद झाले. त्यानंतर कपाळावरचे केस भादरलेल्या प्रौढ पुरुषांनीच नाटके करावीत, या अटीवर कलेला जगू देण्यात आले. रूपाचे आकर्षण असे हुकुमाने काढून घेतल्यावर नटांना अभिनय आणि कथानक यांच्याकडे वळावे लागले, आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या 'ओन्नागाता' नटांची जी परंपरा आज जपानचा अभिमानविषय झाली आहे, ती याच सक्तीच्या पोटी जन्मली. त्या अंमलदारांच्या मनात कलेची उन्नती करण्याचा हेतू तिळभरही नव्हता, हे मात्र विसरता कामा नये.

सरकारची दृष्टी अशी होती, की नाटक म्हणजे वेश्यावस्तीसारखे एक अपरिहार्य दुरित आहे. ते समूळ उपटता येत नाही, म्हणून त्याला कुंपण घालावे. नटांना नदीपात्रातले भिकारी म्हणून हिणविले जाई, नेमून दिलेल्या वस्तीतच त्यांनी राहावे असा बंदोबस्त होता. या कुंपणाला सर्वांत मोठे खिंडार पडले ते १७१४ साली. शोगुन इएत्सुगु त्या वेळी अल्पवयी होता. त्याच्या मातेच्या पदरी असलेली एजिमा नावाची अंतःपुरातली वरिष्ठ अधिकारी स्त्री आधीच्या शोगुनाच्या समाधिदर्शनाच्या निमित्ताने बाहेर पडली, आणि परतीच्या वाटेवर यामामुरा-झा या नाट्यगृहात इकुशिमा शिनगोरो या नटाच्या सहवासात रमून वाड्यात परतण्याची वेळ चुकवून बसली. मामला दरबारी गटबाजीचाही होता, असे इतिहासकार मानतात. पण शिक्षा झाली ती एजिमाला, जिला ताकातो येथे आमरण स्थानबद्ध केले गेले, नटाला, ज्याला मियाके बेटावर हद्दपार केले गेले, आणि नाट्यगृहाला, जे कायमचे बंद झाले. एदोत परवान्याची चार मोठी नाट्यगृहे होती, ती तीन उरली: नाकामुरा, इचिमुरा आणि मोरिता. त्याचबरोबर वरच्या मजल्यावरच्या सज्जांवर, तेथल्या चिकांवर, आणि सज्जांतून शेजारच्या चहागृहांकडे जाणाऱ्या चोरवाटांवर टाच आली. कुलीन स्त्रीला न दिसता नाटक पाहता यावे, अशी जी सोय वास्तूने केली होती, तीच गुन्ह्याचे साधन ठरविण्यात आली.

अशा हुकुमांना नाटकवाल्यांनी जी उत्तरे शोधून काढली, त्यांचे मला मोठे कौतुक वाटते. तीन मजली इमारत बांधण्यास मनाई होती. म्हणून नेपथ्यगृहाच्या दुसऱ्या मजल्याला 'मधला माळा' आणि तिसऱ्याला 'दुसरा मजला' म्हणण्यात येऊ लागले, आणि इमारत कागदोपत्री दोन मजलीच राहिली. त्या मधल्या माळ्यावर स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांच्या खोल्या असत. परवाना तिघांनाच होता, आणि नाट्यगृहाच्या मालकाचे दिवाळे वाजणे ही नित्याची गोष्ट होती. म्हणून प्रत्येक परवान्यामागे एक राखीव परवाना ठरला, आणि मूळ नाट्यगृह कर्जात बुडाले की राखीव नाट्यगृहाने त्याच्या जागी खेळ चालू ठेवावा, अशी व्यवस्था झाली. सावकार, मालक आणि अंमलदार या तिघांच्याही सोयीचा असा तोडगा कोणत्याही दफ्तरात क्वचितच सापडेल.

कोतोहिराची वास्तू उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत या जुन्या संशयाने पुन्हा उग्र रूप धारण केले. १८४१ मध्ये नाकामुरा-झाला आग लागली, आणि शोगुनाचा मुख्य मंत्री मिझुनो तादाकुनि याच्या सुधारणांचा रोख नाटकाकडे वळला. नाट्यगृहे अजिबात बंदच करावीत असा विचार चालू असता एदोचा न्यायाधीश तोयामा कागेमोतो याने त्याला विरोध केला, आणि मग मधला मार्ग म्हणून तिन्ही नाट्यगृहे नगराच्या मध्यभागातून उचलून आसाकुसाजवळच्या एका नव्या वस्तीत हलविण्यात आली. नटाने वस्तीबाहेर पडताना वेताच्या टोपीने तोंड झाकावे अशी ताकीद निघाली. सातवा इचिकावा दानजुरो, म्हणजे त्या काळातला एदोचा सर्वांत लोकप्रिय नट, याला १८४२ मध्ये ऐषारामाच्या राहणीबद्दल आणि रंगभूमीवर खरे चिलखत वापरल्याबद्दल एदोतून हद्दपार करण्यात आले. त्याच वर्षी देवस्थानांच्या सोडतींवरही देशभर बंदी आली. कोतोहिराच्या वास्तूच्या दोन प्रयोजनांपैकी एक असे सातच वर्षांत संपुष्टात आले. दुसरे मात्र, देवाच्या छायेत आणि राजधानीपासून दूर, तगून राहिले.

आता ती वास्तू. दर्शनी बाजूला कौलारू छपराच्या वर एक चौकोनी मचाण दिसते, त्याला 'यागुरा' म्हणतात. जुन्या काळी मानचिन्ह रेखलेले कापड त्याच्याभोवती गुंडाळलेले असे, त्यावर भाले व कागदी झिरमिळ्यांचे दंड रोवलेले असत, आणि पहाटे तेथून नगारा वाजे. पण त्याचा खरा अर्थ होता परवाना. ज्या नाट्यगृहावर यागुरा आहे, त्यालाच सरकारमान्यता आहे, हे अक्षरशून्य माणसालाही रस्त्यावरून कळावे, अशी ती योजना. प्रवेशद्वारे एकाच प्रतीची नाहीत. मानकऱ्यांसाठी आणि सरकारी माणसांसाठी उंच दरवाजे, आणि सामान्यांसाठी 'नेझुमी-किदो', म्हणजे उंदराचे दार, इतके बुटके की कंबरेत वाकल्याखेरीज आत शिरता येत नाही. गर्दीच्या रेट्यात कोणी फुकट्या घुसू नये म्हणून हे दार असे ठेवलेले आहे. यात नम्रतेचा उपदेश शोधणारे काही भाविक प्रवासी भेटतात; मला त्यात गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा हिशेबीपणाच दिसतो.

वाकून आत गेल्यावर एकदम वर पाहावे, असे ते दालन आहे. जमिनीवर लाकडी दांड्यांनी पाडलेले चौकोन, प्रत्येकात बैठक मारून बसणारी चार-पाच माणसे. दोन्ही बाजूंना दुमजली सज्जे. आणि प्रेक्षकांच्या मधून, मागच्या भिंतीपासून रंगभूमीपर्यंत गेलेली 'हानामिचि', ती उंच पुष्पवाट, जिच्यावरून नट प्रेक्षकांच्या खांद्याजवळून येतो आणि अर्ध्या वाटेवर थांबून आपले पहिले दर्शन देतो. समोरच्या बाजूला तिला समांतर दुसरी, अरुंद वाट आहे; दोन्हींवर नट उभे राहिले की मधले प्रेक्षक जणू नदीत बसलेले असतात. छताच्या जागी वेळूंची जाळी आहे, शेकडो वेळू दोरांनी एकमेकांना बांधलेले. तीवर माणसे चढतात आणि हिमाचा अथवा चेरीच्या पाकळ्यांचा कागदी वर्षाव रंगभूमीवरच नव्हे, तर प्रेक्षकांच्या डोक्यावरही करतात.

प्रकाशाची व्यवस्था याहून रम्य आहे. आगीच्या भीतीने रात्रीचे खेळ वर्ज्य होते. त्यामुळे नाटक पहाटे सुरू होई आणि दिवस मावळता संपे, आणि जो काही उजेड लागे तो सूर्याकडून घ्यावा लागे. सज्जांच्या वर दोन्ही भिंतींना कागद लावलेल्या खिडक्यांच्या रांगा आहेत, आणि त्यांच्यावर लाकडी झडपा. रंगभूमीवर रात्र व्हायची असेल, तेव्हा त्या खिडक्यांपाशी उभी असलेली माणसे झडपा एकामागून एक लावीत जातात, आणि उजाडले की उघडतात. विजेच्या झगमगाटात पाहताना काबुकीचे चुन्यासारखे पांढरे मुखलेपन आणि जाड रेशमावरचे जरीकाम डोळ्यांना भडक वाटते. येथल्या मंद, तिरप्या उजेडात ते योग्य मापाचे वाटते, आणि तो शृंगार कोणत्या प्रकाशासाठी योजला होता, हे कोणी न सांगताच उमजते.

परंतु या वास्तूचा प्राण रंगभूमीखाली आहे. तेथल्या तळघराला 'नाराकु' म्हणतात. आपला नरक शब्द बौद्धांनी इतक्या दूर नेला, आणि नाटकवाल्यांनी तो असा वापरला. दगडांनी बांधलेल्या, दमट, काळोख्या त्या जागेत मधोमध एक जाड खांब आहे, आणि त्याच्या आधाराने वरची वर्तुळाकार रंगभूमी फिरते. ती फिरविणारी माणसे आडव्या वाशांना खांदा देऊन ढकलतात. पाय घसरू नयेत म्हणून जमिनीत ठराविक अंतरांवर दगड पुरलेले आहेत, त्यांवर पाय रोवून जोर करायचा. फिरती रंगभूमी ही युक्ती ओसाकाचा नाटककार नामिकि शोझो याची; १७५८ साली त्याने ती वापरात आणली. नट वर-खाली नेणारे चौकोनी पाळणेही याच तळघरातून चालतात, आणि पुष्पवाटेवरचे जे लहान झाकण आहे त्यातून भुते, मायावी उंदीर आणि कपटी जादूगार वर येतात. साध्या मनुष्यपात्राने तेथून येऊ नये, असा संकेत आहे. वर क्षणार्धात राजवाडा जाऊन स्मशान येते, तेव्हा खाली घाम गाळणाऱ्यांना नाटकातले काहीच दिसत नाही, नुसते लाकडी ठोकळ्यांचे आवाज ऐकू येतात.

शोगुनशाही संपविणाऱ्या १८६८ च्या सत्तांतरानंतर सारेच बदलले. बौद्ध धर्म आणि जपानचा मूळचा शिंतो धर्म यांची सरकारी फारकत झाली, डोंगरावरचा मठ गेला, कोम्पिराचे स्थान शिंतो पद्धतीच्या कोतोहिरा देवस्थानात रूपांतरित झाले, आणि नाट्यगृह खासगी मालकांकडे गेले. तोक्योत या सुमारास जे घडले ते याच्या अगदी उलट. ज्या नाटकाला कालपर्यंत कुंपणात कोंडले होते, त्याला आता पाश्चात्त्य पाहुण्यांना दाखविण्याजोगे करावे, अशी घाई राज्यकर्त्यांना झाली. बारावा मोरिता कान्या याने आपले नाट्यगृह नगराच्या मध्यभागी आणले आणि १८७८ मध्ये तेथे वायूचे दिवे लावले. १८८७ मध्ये प्रत्यक्ष सम्राटाने काबुकी पाहिले. १८८९ मध्ये पाश्चात्त्य धाटणीच्या दर्शनी बाजूची काबुकी-झा उभी राहिली. ती १९२१ मध्ये जळाली, नवी बांधताना १९२३ च्या भूकंपात सापडली, १९४५ मध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झाली, १९५१ मध्ये उठली, आणि २०१३ मध्ये पुन्हा नव्याने उघडली. प्रतिष्ठेबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर पुनर्बांधणी.

कोतोहिराच्या नाट्यगृहाला असले भाग्य लाभले नाही, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडले. मालक बदलले तशी नावे बदलली: इनारि-झा, चितोसे-झा, आणि १९०० मध्ये कानामारु-झा. पुढे त्याचे चित्रपटगृह झाले, मग तेही चालेना, आणि वास्तू मोडकळीस येऊन पडून राहिली. ती पाडून नवी बांधण्याइतकी मिळकत तिच्यातून कोणालाच नव्हती. १९७० साली तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला. नंतर एकेक लाकूड उतरवून, गावातल्या मूळ जागेवरून जवळच्या टेकडीवर नेऊन, चार वर्षांच्या कामानंतर १९७६ मध्ये ती तेथे पूर्वीच्या रूपात उभी करण्यात आली. आता ती पाहण्याची वस्तू झाली, खेळण्याची नव्हे. आणि कदाचित तशीच राहिली असती, जर १९८४ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या निमित्ताने दुसरा नाकामुरा किचिएमोन, सावामुरा तोजुरो आणि पाचवा नाकामुरा कान्कुरो हे तिघे नट तेथे आले नसते. येथे आपल्याला नाटक करायचे आहे, असा हट्ट त्यांनी धरला. संरक्षित वास्तूत खेळ करायचा म्हणजे पुन्हा परवान्यांचा प्रश्न आलाच, या वेळी आगीच्या आणि जतनाच्या नियमांचा; पण १९८५ मध्ये पहिला खेळ झाला, आणि पुढे चेरीच्या बहराच्या दिवसांत, एप्रिल महिन्यात, तो दरवर्षीचा रिवाज होऊन बसला.

हे सारे जुन्या काळाचे सोंग आहे, असा आक्षेप घेणारे लोक आहेत, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. आजचा प्रेक्षक पहाटेपासून शिदोरी सोडून बसत नाही, शोगुनाचा हेर सज्जात नसतो, आणि नट तोक्योहून आगगाडीने येतात. परंतु २००३ च्या मोठ्या दुरुस्तीत छतावरच्या वेळूंच्या जाळीचा आणि नटाला प्रेक्षकांच्या डोक्यावरून अधांतरी नेणाऱ्या मार्गाचा जीर्णोद्धार झाला, तो संग्रहालयाच्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, तर खेळात वापरण्यासाठी झाला, आणि वापरात असलेल्या वस्तूला सोंग म्हणणे मला कठीण वाटते. तळघरातले वासे आजही यंत्राने फिरत नाहीत. गावातले तरुण दुकानदार आणि व्यावसायिक एप्रिलात आपली कामे बाजूला ठेवून ते ढकलतात, झडपा लावतात, आणि गावातल्या स्त्रिया प्रेक्षकांना जागा दाखवितात. २०२० च्या साथीपासून काही वर्षे खेळ झाले नाहीत. २०२४ च्या एप्रिलात ते पुन्हा सुरू झाले. उरलेल्या दिवसांत वास्तू यात्रेकरूंना खुली असते, आणि तेव्हा रंगभूमीवर चढता येते, पुष्पवाटेवरून चालता येते, खाली उतरून वाशांना खांदाही देऊन पाहता येतो. खेळ पाहायचा तर एप्रिलचे तिकीट बरेच आधी मिळवावे लागते, आणि तळघर पाहायचे तर खेळ नसलेलाच दिवस निवडावा लागतो. दोन्ही एका फेरीत साधत नाहीत.